माझ्या वहीतला आकडा

कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये मी भूल देते. आठवडाभर औषधाचा थेंब न् थेंब मोजायचा आणि रविवारी रेंजवर जाऊन लांबच्या निशाण्यावर रायफल चालवायची, असं माझं कित्येक वर्षं चाललंय. तिथल्या क्लबात मी एकटीच मराठी, आणि बहुतेक वेळा एकटीच बाई.

दोन वर्षं खपून मी एक वाइल्डकॅट काडतूस तयार केलं. वाइल्डकॅट म्हणजे कुठलाच कारखाना बनवत नाही असं काडतूस. दुसऱ्या एका काडतुसाची पितळी केस, म्हणजे रिकामं नळकांडं, घ्यायची, तिची मान आवळून नवा आकार द्यायचा आणि त्या मापाचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची खाच, रायफलीत कोरून घ्यायचं. लायसन्सवर त्याची नोंद होण्यातच एक हिवाळा गेला. चेंबर कोरलं बंदुका घडवणाऱ्या एका म्हाताऱ्या वेल्श गनस्मिथने. दारू किती भरायची हे सांगणारं पुस्तक नव्हतंच. मी अगदी कमीपासून सुरुवात केली, उडवलेली प्रत्येक केस भिंगाखाली तपासली, सगळं वहीत लिहिलं.

रायफल नीट मारायला लागली तेव्हा क्लबातल्या एका निवृत्त इंजिनिअरला तशीच हवीशी झाली. त्याने त्याच गनस्मिथकडून करून घेतली आणि माझी वही मागितली. मी दिली, पण स्पष्ट सांगितलं, "हा आकडा माझ्या बॅरलचा आहे. तू खालून सुरुवात कर."

"मी तीस वर्षं काडतुसं भरतोय," तो हसून म्हणाला.

महिन्याभरात एका सकाळी त्याच्या रायफलीत काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर फुटला, बोल्ट जाम झाला आणि गरम वायू उलटा तोंडावर आला. चष्म्यामुळे डोळे वाचले, गाल भाजला. सगळ्यात आधी मीच धावले, अर्धा तास त्याच्या गालावर गार पाणी मीच ओतलं. आणि संध्याकाळी त्याने कमिटीला ईमेल केली: आकडे तिने दिले होते, ते चुकीचे निघाले.

मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. माझी काडतुसं रेंजवर आणायला बंदी, एवढंच कळवलं.

"सोडून दे ना, छंदच तर आहे," नवरा म्हणाला.

"मी पेशंटला चुकीचा डोस दिला असं कुणी लिहिलं असतं, तर हेच म्हणाला असतास?"

मी लगेच कमिटीला बैठक बोलवायचं पत्र लिहायला बसले.

कमिटीच्या बैठकीत मी एकच मागणी केली: त्याची उरलेली काडतुसं सगळ्यांसमोर उघडा. गनस्मिथ आपला काटा घेऊन आला होता. त्याने एकेक गोळी उपसली, दारू तोलली. नऊच्या नऊ काडतुसांत माझ्या आकड्यापेक्षा जास्त दारू होती.

"तिचा आकडा बाईच्या खांद्याला धक्का झेपेल असा असणार," इंजिनिअर म्हणाला. "म्हणून थोडी वाढवली."

"मग ईमेलमध्ये हे का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"चला, गैरसमज दूर झाला," चेअरमन घाईघाईने म्हणाले.

"गैरसमज नव्हता. तो खोटं बोलला आणि तुम्ही न विचारता ते मानलंत. हे बैठकीच्या मिनिट्समध्ये, इतिवृत्तात, लिहा."

बंदी त्याच दिवशी उठली. मिनिट्ससाठी मात्र मला तीन पत्रं पाठवावी लागली, तेव्हा कुठे एक ओळ आली: काडतुसांत सदस्याने स्वतः बदल केले होते. 'खोटं' हा शब्द त्यात नाही. माफी आजतागायत कुणी मागितलेली नाही.

त्याचा गाल आता बरा झालाय. रविवारी तो लांबून हात वर करतो. मी करत नाही. लोक म्हणतात, किती दिवस मनात धरून ठेवणार? धरलंय. अजून सोडावंसं वाटलेलं नाही.