सीटची उंची

मला अजून राग येतो, आणि तो मी लपवत नाही. गाडी घरी येऊन पाच महिने झाले. पाहुणे आले की नवरा हसत सांगतो, "आमच्याकडे गाडी घ्यायची तरी टेंडर निघतं!" पाहुणे माझ्याकडे बघून हसतात. मी चहा ठेवायला उठते. त्या टेंडरमध्ये नेमकं काय झालं हे तो कधीच सांगत नाही, म्हणून मी लिहून ठेवते आहे.

मी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. चोवीस वर्षं झाली. आमच्याकडे आधी काय हवं ते लिहून काढतात. त्यातल्या काही अटी आवश्यक असतात. एखादी वस्तू त्या अटींत बसली नाही, तर तिच्या किमतीचं पाकीट उघडायचंसुद्धा नसतं. ही सवय माझ्याबरोबर घरी येते. किराणा, औषधं, गॅसचा नंबर, दिवाळीची सफाई, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. त्यांची थट्टा होते आणि त्यांच्यावरच घर चालतं.

आमची जुनी छोटी गाडी थकली, तेव्हा सासूबाईंच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. आम्ही शहराच्या गढा भागात राहतो. आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओथेरपीसाठी मदन महल भागात न्यायचं, तेही मीच, ऑफिसातून लवकर निघून. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली होती. गुडघा खुब्याच्या वर जाईल इतक्या खाली बसायचं नाही, नवा सांधा निसटू शकतो. मी खुर्च्यांवर जाड गाद्या टाकल्या, पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले. म्हणजे घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. रोज दिसत होतं.

मी एक सेडान बघून ठेवली होती. चार दारं, मोठी डिकी, वॉकर आडवा मावेल अशी. नवऱ्याने एका वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी गाडी हेरली. किंमत जवळपास सारखीच, त्यामुळे त्यावरून भांडायची सोय नव्हती.

"सहा सेकंदांत शंभरला जाते," तो म्हणाला.

"कुठे जाते? आपल्या गल्लीत, भाजीच्या ठेल्याच्या मागे?"

"बायपासवर जाईन ना."

"रिछाईला बायपासवरून जाता का तुम्ही?"

"वीस वर्षं धूळ खात रिछाईला जाऊन राहिलो मी, त्याचं काहीच नाही का?"

हे खरं होतं. तिथल्या एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे, आणि स्वतःच्या हौशीचं त्याने आजवर काही घेतलेलं नाही. मुलगी कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "मम्मी, पापा को लेने दो ना यार. सेडान तो सबके पास है."

रोजच्या जेवणाला हाच विषय. शेवटी कटकट मिटावी म्हणून मी तक्ता केला. आठ मुद्दे, दोन गाड्या, चार माणसं, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. मायलेज, डिकी, सर्व्हिसिंग, चालवायला मजा (हा त्याच्यासाठी मुद्दाम घातला होता), आणि सातव्या क्रमांकावर 'आईंना चढता-उतरता येणं'. सासूबाईंनी चष्मा लावला आणि सातव्या मुद्द्याला लाल गाडीला दहापैकी दहा दिले.

"आई, तुम्ही ती गाडी पाहिलीसुद्धा नाही."

"पाह्यची काहून? माझ्या लेकाला आवडली ना. मला जमते."

लाल गाडी तीन गुणांनी जिंकली. नवऱ्याने तक्त्याखाली सही केली, मुलीची घेतली, आईची घेतली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "कमिटीचा निर्णय झाला, मॅडम. चलो, सही करा."

मी केली. त्या सहीचा राग वेगळा आहे, तो माझ्या स्वतःवरचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाण्याच्या पंपांची फाइल आली. एका पंपाचा दाब आवश्यक अटीपेक्षा कमी होता. बाकी सगळं उत्तम होतं. मी न थांबता त्याच्यावर काट मारली आणि तिथेच हात थांबला. चोवीस वर्षं मी हे करते आहे, आणि घरी मी आवश्यक अटीला गुण लावले होते! खुब्याची गोष्ट मायलेजच्या रांगेत बसवली, आणि वर जिला 'नाही' म्हणताच येत नाही तिच्याकडूनच गुण मागितले. आमच्या विभागात आलेल्या नवख्या माणसालाही मी हे करू दिलं नसतं.

संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, तक्ता रद्द.

"हरलीस म्हणून रद्द?"

"चुकला म्हणून रद्द. तो मुद्दा गुणांचा नाहीच. जमतं किंवा जमत नाही, एवढंच."

"आई म्हणते आहे ना, जमतं!"

"डॉक्टर नाही म्हणतात."

"डॉक्टर सगळ्यांनाच घाबरवतात गं."

मग ठरलं, रविवारी नवरा, मुलगी आणि मी जाऊन सीटची उंची मोजायची. मोजमापाला कुणी नाही म्हणू शकत नाही, असं मला वाटलं. सासूबाई हटून बसल्या की मी पण येणार, घरात बसून वीट आला. जुन्या गाडीच्या पुढच्या सीटवर मी दोन उशा रचून त्यांना नेलं. व्यापाऱ्याच्या आवारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाड गादी टाकून सावलीत बसवलं, वॉकर शेजारी ठेवला, आणि टेप काढला. घरची खुर्ची एकोणीस इंच होती. सेडानची सीट मी आदल्या दिवशी शोरूममध्ये मोजली होती, वीस इंच. लाल गाडीची भरली चौदा. मी बॉनेटवर वही ठेवून आकडा लिहीत होते.

मागून नवऱ्याचा आवाज आला, "अगं बघ, बसली! आई बसली!"

त्या वॉकर घेऊन एकट्या चालत आल्या होत्या, दार उघडंच होतं, आणि त्यांनी स्वतःला त्या सीटमध्ये सोडून दिलं होतं. व्यापारी टाळ्या वाजवत होता. "वाह माताजी! एकदम फिट!"

त्यांचे गुडघे पोटाशी आले होते. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता, ओठ दाताखाली.

"आई, दुखतंय का?"

"नाही."

"उठता येतंय?"

"बसते थोडी. मस्त आहे गाडी."

नवऱ्याने दोन्ही हात पुढे केले, उठवायला. मी इतक्या जोरात ओरडले, "ओढू नका!" की रस्त्यावरचे लोक थांबले. आधी सीट मागे सरकवली, पाठ आडवी केली. मुलीने पाय सरळ धरले, मी दुसऱ्या बाजूने आत शिरून काखेत हात घातले आणि एकेक इंच करत त्यांना बाहेर काढलं. तितका वेळ त्या एकच सांगत होत्या, "त्याला बोलू नको. त्याला काही बोलू नको."

आणि तो म्हणाला, "हळूहळू सवय होईल तिला."

त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. व्यापारी मात्र ऑफिसात निघून गेला.

थेट हॉस्पिटलात नेलं. एक्स-रेमध्ये सांधा जागेवर होता. डॉक्टर रागावले, ते माझ्यावर. "आप इन्हें वहाँ ले क्यों गईं?" नवरा बाहेर बाकावर फोन बघत बसला होता. मी म्हणाले, "गलती हो गई." आणि कशाची गलती, कुणाची, हे सांगत बसले नाही, कारण मागे दहा पेशंट उभे होते.

पुढच्या आठवड्यात सेडान घेतली. कुणी वाद घातला नाही. माझं बरोबर होतं असंही कुणी म्हटलं नाही. उलट सासूबाई तीन आठवडे त्या गाडीत बसल्या नाहीत. ऑटोने जाईन म्हणाल्या, आणि ऑटोची पायरी त्यांना चढू देणं शक्य नव्हतं, म्हणून फिजिओथेरपीच्या बाईंना घरी बोलवावं लागलं. फोनवर बहिणीला मला ऐकू जाईल असं सांगत, "माझ्यापायी लेकराची हौस गेली." लेकरू पंचावन्न वर्षांचं आहे.

मला चीड येते ती याची. त्यांनी खोटं सांगितलं ते मायेपोटी, हे मला कळतं. पण त्याने ते खरं मानलं ते सोयीचं होतं म्हणून. तो वाईट माणूस नाही. त्याने बघितलंच नाही, एवढंच. बघायचं काम घरात माझ्याकडे असतं ना.

चौथ्या आठवड्यात मी स्पष्ट बोलले. "आई, राग माझ्यावर आहे, तो पायावर काढू नका. मागे बसा. माझ्याशी एक शब्द बोलू नका, पण चला."

त्या बसल्या. शिकवलं होतं तसं आधी पाठ टेकवून, मग एकेक पाय आत. मदन महलला पोचल्यावर मी दार उघडायला वळून येईपर्यंत त्यांनी ते उघडलं होतं. दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, चौकटीला धरलं आणि त्या उभ्या राहिल्या. कुणाच्याही हाताशिवाय.

"वॉकर काढ डिकीतून," त्या म्हणाल्या. "बघून काय राहिलीस?"

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, शनिवारची फेरी आता तुमची. दार उघडायचं, हात पुढे करायचा नाही, त्यांना हवा तितका वेळ द्यायचा. मी सोबत येणार नाही आणि यादीही करून देणार नाही.

शनिवारी ते दोघं गेले. परत आल्यावर त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि बराच वेळ बूट काढत बसला.

"किती वेळ लागतो गं तिला उठायला," तो म्हणाला.

मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही.

"पुढच्या शनिवारी पण तुम्हीच जा," मी म्हणाले.