नाव न सांगता विचारलेला प्रश्न

सोलापुरात बाळीवेशीच्या आतल्या बोळात दानम्मांची कडक भाकरी मिळते. पाटीवर ‘श्री दानम्मा भाकरी केंद्र’ असं रंगवलेलं आहे आणि त्याखाली मोबाईल नंबर. हे नाव गुड्डापूरच्या देवीचं की मालकिणीचं, ते गिऱ्हाइकांनी कधी विचारलं नाही आणि मालकिणीनं कधी सांगितलं नाही. त्यामुळे दोघींचाही मान राहतो.

नवरा गेल्यावर दानम्मांनी हा धंदा सुरू केला. आता पुण्याच्या रात्रीच्या गाडीतून त्यांच्या भाकरीचे पुडे जातात. घरात मुलगा विरेश, सून सिद्धेश्वरी आणि तिची तीन वर्षांची पिंकी. विरेश टॉवेलच्या एका पेढीत ऑर्डरी बघतो. घरात बोलणं कानडीत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत चालतं. मनाविरुद्ध काही असलं की दोन्हीत एकदम.

भाकरी त्या परातीत थापतात, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतात आणि उलटतात ती बोटांनी. उलथनं घरात आहे, पण ते आंबोळीसाठी. भाकरीला उलथनं लावणाऱ्या बाईबद्दल त्यांच्या माहेरी फारसं बरं बोलत नसत.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांना उजव्या हाताच्या कडेला, करंगळीच्या खाली, फोड दिसला. भाजल्याचा फोड. भाजलं कधी, ते मात्र आठवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कड मुद्दाम तव्याला टेकवली. कातडी तडतडली. दानम्मांना काही कळलं नाही, म्हणजे काय झालं ते नीटच कळलं. त्या जागी बऱ्याच महिन्यांपासून एक फिकट चट्टा होता. त्याला त्या पीठ समजत आल्या होत्या.

अक्कलकोटकडच्या त्यांच्या माहेरी वडिलांची एक आत्या होती, शिवबाई. ती शेताच्या कडेला वेगळ्या खोपटात राहायची. तिची भाकरी दुपारी एका दगडावर ठेवून यायची आणि मागं वळून बघायचं नाही, अशी पद्धत होती. का, ते विचारल्यावर आईनं आधी दार लावलं, मग ‘महारोग’ एवढंच म्हटलं आणि परत दार उघडलं.

तर चट्टा साधाही असू शकत होता आणि तोही असू शकत होता. पण बोळात कुणाला विचारलं असतं, तर उत्तर काहीही येवो, संध्याकाळपर्यंत भाकरी पडून राहिली असती. लोणच्याच्या बाटलीवर झाकण असतं. भाकरी थापणाऱ्या बाईच्या हातावर नसतं.

म्हणून दानम्मांनी मोबाईलला विचारायचं ठरवलं. मोबाईल कुणाला सांगत नाही, असा त्यांचा समज होता.

तो मोबाईल विरेशनं घेऊन दिलेला. “तुला कशाला वेगळं खातं पायजे?” म्हणून त्यानं आपलंच खातं त्यात घातलं होतं. हॉलमधल्या टीव्हीतही तेच होतं. दुपारी दानम्मांनी बधिर चट्ट्याबद्दल विचारलं. संध्याकाळी टीव्हीवर कानडी मालिका लावली, तर मध्येच पांढऱ्या कोटातला एक माणूस येऊन म्हणाला, “अंगावर डाग? चारचौघांत लाज वाटते?” मालिका संपेपर्यंत तो पुनःपुन्हा येत राहिला.

“ह्या टीव्हीला काय झालंय?” सिद्धेश्वरी म्हणाली.

“त्यांना आपलं सगळं ऐकू जातंय,” विरेश म्हणाला. “काल पेढीत मी टॉवेलवरच्या डागाबद्दल बोललो होतो की.”

विरेशला जगाचं ज्ञान आहे आणि त्यामुळे बऱ्याच गोष्टी त्याच्या लक्षात येत नाहीत. दानम्मांनी मात्र त्या माणसाला ओळखलं. तो त्यांच्याचसाठी आला होता.

मग त्या महादेवप्पांच्या इंटरनेट कॅफेत गेल्या. महादेवप्पा दर सोमवारी त्यांच्याकडून भाकरी नेतात.

“आधार लागतंय,” महादेवप्पा म्हणाले.

“मला ओळखत न्हाय व्हय तुमी?”

“ओळखतो की. म्हणून तर मागायला लाज वाटतीय. पण नियम हाय.”

कॅफेतल्या कॉम्प्युटरचे सगळे पडदे मालकाच्या खुर्चीकडे तोंड करून मांडलेले होते. गिऱ्हाइकाला अडलं तर मदत करता यावी म्हणून. “तुमी कशाला तरास घेता?” महादेवप्पा म्हणाले. “काय शोधायचं ते सांगा, मीच काढून देतो.”

दानम्मांनी पुण्याच्या गाड्यांचं वेळापत्रक मागितलं. ते त्यांना तोंडपाठ आहे. महादेवप्पांनी रंगीत छापून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

ऋतुजा माळशिरसची, इथं हॉस्टेलवर राहून फार्मसी शिकते. शनिवारी ती भाकरी न्यायला आली, तेव्हा दानम्मांनी पुडा बांधता बांधता विचारलं, “मोबाईलात काय बघितलं ते घरच्यांना दिसू नये, असं काय असतंय का गं?”

“असतंय की मावशी. आमचं हॉस्टेल त्याच्यावरच चाललंय.”

तिनं मोबाईलात एक वेगळा ब्राउझर घातला. “ह्यो सरळ जात न्हाय. लांबलांबची गावं फिरून जातोय. कोण आलंय ते समोरच्याला कळत न्हाय.”

“आडवाटेनं.”

“व्हय. पण हळू चालतोय. आन् झालं की पुसून टाकायचं.”

काय बघायचंय, ते तिनं विचारलं नाही. हॉस्टेलात राहिलेल्या मुली दुसऱ्याला न विचारायला शिकतात. अभ्यासक्रमात नसलेली ही एकच गोष्ट पक्की होते.

दुपारी तवा निवला, घर आडवं झालं की दानम्मा ज्वारीच्या पोत्यावर बसायच्या आणि आडवाटेला लागायच्या. पहिलंच पान उघडलं ते अनोळखी भाषेत. ब्राउझर त्या दिवशी कुठल्यातरी परदेशातून फिरत होता आणि त्या पानानं त्यांना तिथल्याच समजून आदरानं वागवलं. दुसऱ्या पानानं तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा म्हणून सांगितलं आणि चिमणी असलेले चौकोन निवडायला लावले. सोलापूरच्या माणसाला गिरणीची चिमणी कुणी शिकवायला नको. दानम्मांनी आभाळात उंच गेलेलं धुराडं शोधलं. चित्रात नुसती कौलारू घरं होती आणि कौलांवर विटांची खोकी. चिमणी एकाही चौकोनात नाही, असं त्यांनी कळवलं. पानानं परत चित्रं दाखवली. दानम्माही मागं हटल्या नाहीत. शेवटी पानानंच हार मानली आणि ‘तुमच्याकडून संशयास्पद हालचाल आढळली आहे’ असं लिहून दार लावून घेतलं.

एका ठिकाणी डॉक्टरांना प्रश्न विचारायची सोय होती. दानम्मांनी बोटानं एकेक अक्षर दाबत प्रश्न लिहिला. त्याला सगळी दुपार गेली. ‘पाठवा’ दाबल्यावर पानानं मोबाईल नंबर मागितला, आणि खाली ग्वाही दिली, की तुमची ओळख पूर्णपणे गुप्त राहील. पाटीवर रंगवलेला नंबर देऊन गुपित विचारायची ही रीत दानम्मांना पटली नाही. त्यांनी लिहिलेलं सगळं पुसलं.

नाव सांगून फिरणाऱ्याला इंटरनेट गिऱ्हाईक समजतं. नाव झाकून फिरणाऱ्याला चोर. तिसरा वर्ग अजून निघालेला नाही. दानम्मा मात्र रोज दुपारी त्या दारांवर जाऊन उभ्या राहिल्या. एक लागलं की दुसरं. दळण आणायला जावं, तसं.

आणि एके दिवशी एक साधंसं कानडी पान उघडलं. त्यानं काही मागितलं नाही. न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, असंच असेल असं नाही, पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, उशीर केला तर मात्र बोटं वाकडी होतात, असं त्यावर लिहिलं होतं. आणि शेवटी, दाखवून घ्या. एवढ्या आडवाटा फिरून आल्यावर कळलं ते हे, की हात कुणालातरी दाखवावा लागणार.

त्यांनी पान पुसलं. त्या रोजच पुसत होत्या, परात पुसतात तशा, कण राहू न देता. चूक झाली ती इथंच. आपलंच खातं तिथं असल्यानं विरेशनं मोबाईल तपासला आणि तो इतका स्वच्छ निघाला, की त्याला संशय आला.

“अव्वा, मोबाईलात काय बघायलीस?”

“काय न्हाय.”

“तेच तर. रोजचं नेट संपतंय आन् हिस्ट्री कोरी. गुरुसिद्धप्पा काकाचं असंच झालं होतं. तू रमी खेळायलीस का?”

दानम्मांनी क्षणभर दोन्ही बदनाम्या तोलून पाहिल्या. “व्हय,” त्या म्हणाल्या. “रमीच.”

“किती घालवलं?”

“अजून न्हाय घालवलं.”

“म्हंजे जिंकलीस?”

“न्हाय. शिकायलीय.”

विरेशनं आईला व्यसनावर समजावून सांगितलं. चांगलं सांगितलं. मग मोबाईलला आपल्या बोटाचं कुलूप घातलं. आता दानम्मांकडे आडवाट उरली नाही, फक्त रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी ज्वारी बघायला यार्डात जाते म्हणून त्या निघाल्या आणि सरकारी दवाखान्यात गेल्या. नाव तयार होतं. सोनाबाई, राहणार मोडनिंब. मोडनिंबला त्या कधी उतरलेल्याही नव्हत्या. पुण्याची गाडी तिथून जाते एवढीच ओळख. खिडकीतल्या माणसानं मोबाईल विचारला, त्या नाही म्हणाल्या. आधार विचारलं, इसरलं म्हणाल्या. त्यानं मान वर न करता केसपेपर पुढं सरकवला. इंटरनेटपेक्षा हा माणूस भोळा होता, किंवा त्याच्यापुढं रांग मोठी होती.

डॉक्टरीण तरुण होती. “डोळे मिटा मावशी. कापूस लावीन. लागला की त्या जागी बोट ठेवायचं.”

दानम्मांनी डोळे मिटले. मनगटावर लागला, त्यांनी बोट ठेवलं. अंगठ्याला लागला, बोट ठेवलं. मग बराच वेळ काहीच नाही.

“लावा की,” दानम्मा म्हणाल्या.

“लावून झालं मावशी. कधीच.”

दानम्मांनी डोळे उघडले. कापूस चट्ट्यावरच टेकलेला होता.

डॉक्टरणीनं रोगाचं नाव घेतलं. एकच चट्टा आहे, वेळेवर आलात, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, असं सांगितलं. दानम्मांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मी भाकऱ्या करून इकते. थापू का?”

“थापा की. भाकरीतून पसरत नाही हा. आणि गोळ्या सुरू झाल्या की काळजीच नको. पण तव्याला हात लावू नका, भाजलेलं कळायचं नाही.”

“मग उलटू कशानं?”

“उलथन्यानं.”

रोगाचं नाव ऐकून न हललेल्या दानम्मा यावर आपल्या बोटांकडे बघू लागल्या.

पहिल्या गोळ्या तिथंच, नर्सच्या समोर घ्यायच्या होत्या. पाण्याचा पेला हातात देत नर्सनं विचारलं, “घरी कोण कोण आहे?”

“लेक, सून. नात हाय तीन वर्सांची.”

“आमच्या घरोघरी फिरणाऱ्या ताई येतील मोडनिंबला. घरातल्या सगळ्यांना तपासतील आणि एक डोस देतील. नातीला आधी बघतील.”

“तिला कशाला? तिला काय झालंय?”

“झालं असं नाही हो. पण औषध सुरू व्हायच्या आधी फार दिवस जवळ असणाऱ्याला लागू शकतो. लहान पोरं मांडीवर बसतात ना.”

दानम्मांनी गोळ्या गिळल्या, पुढचं पाकीट पदरात बांधलं आणि त्या बाहेर पडल्या.

काम फत्ते झालं होतं. नाव कुणाला कळलं नव्हतं, औषध हातात होतं, भाकरीला परवानगी होती. ताई मोडनिंबला जातील, सोनाबाई कुठं राहते ते विचारतील, कुणालाच माहीत नसेल, परत येतील. महिनोन् महिने ज्यासाठी धडपडल्या, तसं लपणं अखेर जमलं होतं.

दवाखान्याच्या फाटकाशी त्या थांबल्या. पिंकी सकाळी चुलीपुढं त्यांच्या मांडीवर बसते. पडू नये म्हणून दानम्मा एका हातानं तिला धरतात. उजव्या.

त्या मागं फिरल्या. रांगेतल्या बायका “ओ मावशी, रांग हाय” म्हणाल्या. त्यांना “माझी मगाशीच झालीय” असं सांगून त्या थेट नर्सच्या टेबलापाशी गेल्या.

“ताई, ते नाव खोडा.”

“कुठलं?”

“सोनाबाई. मी दानम्मा. बाळीवेस. पत्ता लिवून घ्या नीट. आन् तुमच्या ताईंना उद्याच पाठवा.”

नर्सनं खोडलं. का, ते विचारलं नाही. रोज कुणी ना कुणी मागं फिरत असावं. किंवा फिरत नसावं.

त्या दिवशी विरेश पेढीवरून आला, तेव्हा दानम्मांनी दोघांना समोर बसवलं. आडवळण न घेता सांगितलं. हात पुढं करून चट्टा दाखवला.

“म्हंजे रमी न्हाय?” विरेश म्हणाला. मग एकदम आवाज उतरला. “ती शिवबाई अज्जी... तिला झालं होतं ते?”

“तेच. तिला गोळ्या मिळाल्या न्हाईत. मला मिळाल्यात.”

“आन् मला का न्हाय सांगितलंस?”

“तू टीव्हीला सांगितलं असतंस.”

सिद्धेश्वरी पुढं झाली. तिनं पिंकीला आपल्याकडे ओढून घेतलं. ओढल्यावर तिचं तिलाच कळलं आणि ती अवघडली.

“धर तिला,” दानम्मा म्हणाल्या. “उद्या तपासतील. तंवर तुझ्यापाशीच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. खांद्याला पिशवी, पायात चपला, बोळात कुणाच्या नजरेत भरेल असं काही नाही. तरी समोरच्या ओट्यावरून विचारणा झालीच, कोण आलंय म्हणून. “माझ्याकडे आल्यात,” दानम्मांनी सांगितलं आणि दार उघडंच ठेवलं. लावलेल्या दारांचा त्यांना पुरेसा अनुभव होता.

पिंकीला आईच्या मांडीवर बसवून डोळ्यांवर रुमाल बांधला. ताईंनी कापसाचं टोक तिच्या दंडाला लावलं. पिंकीनं हात मागं घेतला. गालाला लावलं, मान वळवली. तळव्याला लावलं, तेव्हा ती खुदकन हसली आणि मूठ मिटून बसली. पाठ, पोटऱ्या, कानामागं, ताईंनी सगळीकडे लावून बघितलं. कातडीवर कुठं डाग नव्हता आणि पिंकीला कुठंही लागलेलं कळत होतं.

“काही नाही हिला,” ताई म्हणाल्या आणि कापूस ठेवायला लागल्या.

दानम्मा दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले.

“परत एकदा बघा,” त्या म्हणाल्या.