आत्याला अंगावरून जात होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आत्याच्या मुलाला, दिनूदादाला तर नाहीच. महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात यावी, असं मी नव्या वार्ताहरांना रोज सांगते. इथे मला ते जमत नाहीये.

मृत्यूचं कारण सांगणं सोपं आहे. आगाशीच्या माझ्या आत्याच्या गर्भाशयात पू साठला होता. आधी तो थोडा थोडा बाहेर येत होता, मग वाट बंद झाली. गर्भाशय फाटलं, पू पोटभर पसरला. सर्जनला वाटलं होतं, जठराला भोक पडलं असेल. पोट उघडलं तर जठर धड, आतडी धड. फार दुर्मीळ केस, असं तो नंतर म्हणाला. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला दादा हाच शब्द सांगतो. मला त्या शब्दाची चीड येते. दुर्मीळ म्हणजे काय – कुणाचीच चूक नाही?

आत्याच्या घरी नवरात्रात देवीचा नैवेद्य पाळी गेलेल्या बाईनेच रांधायचा, अशी रीत आहे. थोरल्या जाऊबाई गेल्यावर तो मान आत्याकडे आला. किती वर्षं वाट पाहिली होती तिने! त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी, वाडीत केळीची सुकी पानं काढताना ती मला म्हणाली, "म्हातारपनी परत वयात आले बघ मी." आणि हसली. अंगावरून पिवळट जात होतं, वास येत होता. "कोनाला बोलू नको हां. सुनेला कळलं तर चुलीपासून उठवतील मला."

डॉक्टरला दाखव, म्हटलं मी. एकदाच. ती म्हणाली, नवरात्र होऊन जाऊ दे. मी मान डोलावली – आणि हे लक्षात घ्या, आमच्या पेपरचं आरोग्याचं पान मी बघते. पाळी गेल्यावर अंगावरून काहीही गेलं तरी तपासून घ्या, हे वाक्य मी स्वतः कितीदा छापलं आहे. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

दसरा झाला. आपोआप थांबलं गं, असं तिने फोनवर सांगितलं. मला पटलं का? पटवून घेतलं. मला ते सोयीचं होतं.

मग एका दुपारी दादाचा फोन. वसईहून मी विरारच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा आत्या तापाने फणफणली होती, पोट फळीसारखं कडक. ती नुसती कण्हत होती. तरुण डॉक्टरने अंगावरून काही जात होतं का, असं विचारलं. हो, त्याने विचारलं. त्याला दोष द्यायची सोयही मला नाही. दादा म्हणाला, "हिला विचारा. आई सगळं हिलाच सांगते."

मी म्हटलं, "नाही."

आत्याला दिलेला शब्द पाळला, असं लिहायला मला आवडलं असतं. ते खरं नाही. हो म्हटलं असतं तर दादाने लगेच विचारलं असतं – तुला कधीपासून माहीत होतं? तेवढ्या एका प्रश्नाला मी घाबरले. डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळला.

सांगितलं असतं तर ती वाचली असती? कदाचित नाही. ऑपरेशन तर करावंच लागणार होतं. पण मला हे ठाऊक नाही, आणि ज्याला विचारता येईल त्याला मी कधी विचारलेलं नाही.

ऑपरेशनला आत नेताना आत्याने स्ट्रेचरवरून माझं मनगट पकडलं. "डॉक्टरला सांगितलंस ना गं?"

म्हणजे मला घातलेली अट तिने स्वतःच काढून घेतली होती. चूल नको, मान नको – तिला जगायचं होतं.

"हो," मी म्हटलं.

"बरं केलंस." तिची पकड सैल झाली.

ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. पण मी हो म्हटलं तेव्हा ती अजून दाराबाहेरच होती. तो तरुण डॉक्टर समोरच उभा होता, हातमोजे घालत. मी वळले आणि दादाशेजारी बाकावर जाऊन बसले.