रुईचा बर्फ

पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये जयवंता फिटरचा हेल्पर होता आणि ऑर्केस्ट्रात तो कोणीच नव्हता. पोस्टरवर गायकांची नावं असत, ड्रमवाल्याचं असे, निवेदकाचं तर फोटोसकट असे. धूर, वीज, पाऊस आणि रंगीत उजेड काढणाऱ्याचं नाव छापायची रीत नव्हती. जयवंताला त्याचं काही वाटत नसे, असं तो म्हणत असे. माणूस एखादी गोष्ट चारदा म्हणाला की आपण समजून घ्यावं.

आधी तो गणपतीच्या झांक्या, म्हणजे हलते देखावे, करायचा. शिलाई मशीनच्या मोटरवर हनुमानाची छाती उघडायची, आत राम-सीता दिसायचे आणि बायका हात जोडायच्या. त्या झांकीपुढे एका वर्षी रवींद्र येऊन उभा राहिला. परासियाच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतला पोरगा, खांद्यापर्यंत केस, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार नसली तरी असल्यासारखी चाल. त्याचा ‘ब्लॅक डायमंड’ नावाचा ग्रुप होता. फर्माइशीची सिनेमाची गाणी वाजवून पोट भरायचं आणि मधेच दोन गाणी अशी काढायची, की पुढच्या रांगेतल्या पाटलांनी कानात बोटं घालावीत. त्यानं हनुमानाकडे पाहिलंच नाही. तो झांकीच्या मागे गेला आणि मोटर कोणी बसवली ते विचारू लागला.

पुढच्या आठवड्यात त्यानं जयवंताला नागपूरला नेलं आणि एका व्हिडिओ पार्लरमध्ये विलायती ग्रुपची कॅसेट दाखवली. पडद्यावर एक गोरा माणूस धुरातून वर येत होता, मागे आगीचे फवारे उडत होते, लाखभर लोक एका आवाजात ओरडत होते. रवींद्र गिटार पाहत होता. जयवंता कोपरे पाहत होता. धूर कुठून निघतो, दिवा फिरवणारा कुठे लपून बसला असेल, आगीच्या आधी किती ठोके पडतात. पार्लरवाला वैतागेपर्यंत त्यानं कॅसेट मागे न्यायला लावली. बाहेर येऊन चहा पिताना तो एवढंच म्हणाला, “खाली कोनीतरी आहे. दिसत नाही, पन आहे.”

मग त्याचा संसार स्टेजच्या खाली सुरू झाला. सायकलच्या चाकाला लाल, निळे, हिरवे जिलेटीनचे कागद लावून ते हॅलोजनपुढे हातानं फिरवायचं. मडक्यावर आरशाचे तुकडे चिकटवून ते वर टांगायचं. पत्रा हलवला की ढग गरजायचे. धुरासाठी आधी लोबान आणि नारळाची शेंडी जाळून पाहिली, तेव्हा गायिकेला असा ठसका लागला की विरहाचं गाणं ऐकून लोक पोट धरून हसले. पुढे नागपूरहून सुका बर्फ आणायची युक्ती कळली. पोत्यात, भुशात गुंडाळून तो बसनं आणायचा. अर्धा वाटेतच हवेत जायचा. उरलेल्यावर उकळतं पाणी ओतलं की पांढरा धूर फळ्यांच्या फटीतून वर चढायचा आणि गाणाऱ्यांच्या घोट्यांशी लोळायचा. वरचं काही दिसत नसल्यामुळे जयवंता ड्रमचे ठोके मोजून काम करी. रवींद्रनं टाच तीनदा आपटली की पुन्हा, दोनदा आपटली की बंद. इतक्या वर्षांत आपलं काम समोरून कसं दिसतं ते त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याची बायको विजयमाला सौंसरची. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ती बोलकी होती आणि जयवंता नव्हता, त्यामुळे घरात एक माणूस बोले आणि एक माणूस सोल्डरिंग करी.

“तुमी तिथी खाली बसून करता काय?” ती एकदा म्हणाली. “लोक तं वरच्यायलेच पाहतात.”

“वरच्यायले पाहावं म्हणूनच मी खाली बसतो.”

“मंग मी कोनाले पाहू?”

जयवंतानं सोल्डरिंगची कांडी पुन्हा तापत ठेवली.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात तिच्या आईला लकवा मारला आणि ती माहेरी गेली. महिन्याभरात म्हातारी जरा सावरली. आता रीत अशी, की माहेरी गेलेली लेक आपल्या पायांनी परत येत नाही. नवऱ्यानं जावं, जावयाचा पाहुणचार घ्यावा, माहेरच्यांनी लेकीची ओटी भरावी आणि मग दोघांनी मिळून निघावं. ठरल्या दिवशी ‘ब्लॅक डायमंड’चा कार्यक्रम निघाला छिंदवाड्याला. जयवंतानं डोकं चालवलं आणि सौंसरच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला, की तिला संध्याकाळच्या गाडीत बसवून दे. त्याला वाटलं, सोय झाली. संध्याकाळी कंडक्टर एकटाच परत आला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं जयवंताला गाठलं.

“वहिनी म्हनल्या, मी काही पार्सल नाही.”

जयवंताला तेव्हा हसू आलं होतं. ते हसू पुढे त्याला फार दिवस आठवत राहिलं.

जायला हवं होतं, एवढंच होतं. आज जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, हा कार्यक्रम होऊ दे. जितके दिवस गेले तितकी लाज वाढली आणि लाज वाढली तितके आणखी दिवस गेले. सासू वारली तेव्हा तो तेरवीला गेला, पुरुषांच्या पंगतीत जेवला. आत चुलीजवळ विजयमालेची पाठ दिसली. दुःखाच्या घरातून बायकोला घेऊन निघणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो शेवटच्या बसनं परतला. तीन वर्षं अशी गेली. जिनिंगच्या भिंतीला लागून असलेल्या त्याच्या खोलीत एका माणसापुरता स्वयंपाक होई. तोही तो उभ्यानंच खाई, कारण बसायला पाट टाकला की समोरची जागा रिकामी दिसे.

सत्याऐंशीच्या नोव्हेंबरात रवींद्रनं सौंसरचा कार्यक्रम घेतला. शाळेचं मैदान, संध्याकाळी सहाला सुरुवात. जयवंतानं या वेळी कोणाच्या हाती निरोप दिला नाही. आदल्या दिवशी तो स्वतः गेला. मेव्हणा सुधाकर अंगणात संत्र्याच्या पेट्या ठोकत होता.

“प्रोग्राम आहे उद्या आमचा,” जयवंता म्हणाला. “तुमी सगळे येजा. प्रोग्राम झाला की मी हिले घेऊन जाईन म्हनतो.”

सुधाकर घराकडे पाहू लागला. दाराआडून विजयमालेचा आवाज आला. “आधी प्रोग्राम पाहू द्या त्यायले म्हना. मंग सांगते.”

तेवढ्यानंही जयवंताचे पाय हलके झाले. त्यानं मनाशी ठरवलं होतं, की तिला असं काही दाखवायचं, जे या मुलखात कोणी पाहिलं नाही. बर्फ पडताना दाखवायचा. निळ्या उजेडात, वरून, अलगद. कागदाचे कपटे सरळ खाली येतात, थर्माकोल वाऱ्यानं उडतो. रुई मात्र तरंगत येते. हे त्याला सोळा वर्षं जिनिंगमध्ये काढल्यामुळे माहीत होतं. त्यानं शेठकडून पगारातून कापायच्या बोलीवर दोन पोती पांढरीशुभ्र रुई उचलली, बोटांनी पिंजून हलकी केली आणि मैदानावर बांबूंच्या कैचीवर मच्छरदाणीची झोळी बांधून तीत भरली. दोरी ओढली की झोळी हलायची आणि रुई झिरपायची. त्या दिवशी त्यानं आगीचे अनार पेटीतून बाहेरच काढले नाहीत. रुई आणि ठिणगी यांचं नातं जिनिंगवाल्याला शिकवावं लागत नाही.

कार्यक्रम रंगला. शेवटून दुसऱ्या गाण्याला रवींद्रनं दिवे निळे करायला सांगितले, गिटारचे सूर लांबवले आणि जयवंतानं खालून दोरी ओढली.

मैदान गप्प झालं. ती शांतता फळ्यांमधून खाली जयवंतापर्यंत उतरली. लोकांच्या डोक्यांवर, खांद्यांवर, मांडीवरच्या पोरांवर बर्फ पडत होता. कोणीतरी लहानसं हसलं. मग कुजबुज उठली, कुजबुजीचा गलका झाला आणि पुढच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज सगळ्यांवर चढला. ती शकुबाई होती, सुधाकरच्या आळीतली.

“अवं, रुई हाय हे. लक्ष्मी हाय. पायाखाली कायले टाकून राहिले?”

ती वाकली आणि वेचू लागली. तिच्या शेजारची वाकली. मग रांगच्या रांग. या मैदानातल्या प्रत्येक घरात त्या महिन्यात कापूस होता, शेतात नाहीतर कंबरेत. बायका पदराची ओटी करून चपलांखालची रुई उचलत होत्या, पुरुष पाय वर घेऊन अवघडून बसले होते. गिटार थांबली. सगळ्या कपाशीच्या मुलखात कापूस उधळून त्याला बर्फ म्हणणारा माणूस एकच निघाला होता, आणि तो काय गोंधळ झाला ते पाहायला पहिल्यांदाच स्टेजखालून बाहेर आला.

विजयमाला कडेच्या बांबूजवळ उभी होती. पदरात रुई होती, केसांत रुई होती, काखेत भरलेली कापडी पिशवी होती.

“हे तुमी केलं?”

“बर्फ आहे तो,” जयवंता म्हणाला. “तुले दाखवाले केला.”

“दिवाळीपासून वेचनीले जाऊन राहिली मी. पहाटे दवात वाकली की सांजेले कंबर सरळ होत नाही.” ती पदरातल्या रुईकडे पाहत होती. मग तिच्या तोंडावर हसू आलं, तीन वर्षांपूर्वीचं. “खाली पडेपरेंत चांगलं दिसत होतं पन. खोटं नाही सांगत.”

त्यानं पिशवीकडे पाहिलं. तिनं ते पाहिलं.

“भरूनच आणली,” ती म्हणाली. “नेता का?”

“चाल,” तो म्हणाला. इतका साधा शब्द होता, आणि तो म्हणायला त्याला तीन वर्षं लागली होती.

तेवढ्यात रवींद्रनं माइकवरून हिंदीत सगळ्या आयाबहिणींना नमस्कार घातला, लोक हसले आणि ड्रम सुरू झाला. शेवटचं गाणं. जयवंताची मान आपोआप स्टेजकडे वळली. आत पाणी उकळत होतं.

“धूर माह्या हातात आहे,” तो म्हणाला. “चार मिनिटं थांब.”

“थांबते,” ती म्हणाली.

तो खाली शिरला. आठ ठोके मोजले, पाणी ओतलं. धूर असा चढला की मघाचं सगळं विसरून मैदान ओरडलं. गाणं संपलं आणि ‘वन्स मोअर’ सुरू झालं. डोक्यावर टाच तीनदा वाजली. बर्फ उरला होता. जयवंतानं एकदा बाहेरच्या दिशेला पाहिलं आणि बादली उचलली. पुन्हा वन्स मोअर झालं, पुन्हा टाच वाजली. लोक गाण्यासाठी ओरडत नव्हते, धुरासाठी ओरडत होते, हे फळ्यांखालीसुद्धा कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याचं काम पुन्हा मागत होतं. ती उभी आहे, हे त्याला सगळा वेळ माहीत होतं. तरी त्याचे हात पाणी ओतत राहिले.

शेवटी रवींद्रनं खाली हात घालून त्याला वर ओढलं आणि त्याचं नाव माइकवर पुकारलं. टाळ्या पडल्या. जयवंता उजेडात उभा राहिला. त्यानं बांबूच्या दिशेनं हात वर केला, पण हॅलोजन थेट डोळ्यांत होता आणि पुढे नुसता काळोख दिसत होता. तो दिवा तिथे त्यानंच लावला होता. ती मला पाहत असेल, असं त्याला वाटलं आणि तो जरा जास्तच वेळ उभा राहिला.

खाली उतरला तेव्हा बांबूजवळ कोणी नव्हतं. तो सुधाकरच्या घरापर्यंत पळत गेला. दाराला आतून कडी होती. त्यानं दार वाजवलं नाही.

सकाळी तो पुन्हा गेला. सुधाकरनं पाणी दिलं, बसायला सांगितलं.

“वेचनीले गेली. पहाटेच.”

“काल काही बोलली का?”

“नाही. पिशवीतली लुगडी काढली, दोरीवर टाकली, निजली.” सुधाकरनं थांबून विचारलं, “जावईबापू, काल किती येळ उभी होती ते?”

जयवंता उठला. शेत मोहगावच्या रस्त्याला होतं. तो बांधावर पोचला तेव्हा ऊन वर आलं होतं. कपाशीत वीस-बावीस बाया ओळीनं वाकल्या होत्या, सगळ्या पाठमोऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर उन्हासाठी बांधलेले दुपट्टे, सगळ्यांच्या पाठीवर ओट्यांच्या गाठी. आपली कोणती, हे त्याला ओळखता येईना. नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. इतकी वर्षं तो तिला जसा हाक मारी तशीच त्यानं मारली.

“अवं.”

तीन बायांनी कंबर सरळ करून मागे पाहिलं. तिघींतली एकही ती नव्हती. त्या परत वाकल्या. बाकीच्या ओळीतले हात तसेच चालू राहिले, न थांबता, आणि त्यांतलेच दोन हात विजयमालेचे होते.