ओलांडून पाया पडू नये

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त वाचली जायची. वडील कुठल्या ना कुठल्या मोर्चाची पत्रकं वाटून यायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यातल्या कागदात आई माझ्या डब्याची पोळी गुंडाळून द्यायची. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली लोणचं चाटत, तेव्हा मी तेलाचे डाग चुकवत पाण्याच्या हक्काबद्दल वाचत असे. जगातली कुठलीही वाईट गोष्ट एका कागदावर ठळक अक्षरात मांडली आणि शेवटी उद्गारचिन्ह दिलं की निम्मी सुटते, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. धाराशिवात सायकलवाल्यांचा ग्रुप निघाला तेव्हा मी त्यात गेले ती व्यायामासाठी नाही. रस्त्यासाठी गेले.

बाकीचे गप्पांसाठी आले होते. दर रविवारी सकाळी निघायचं, तेर गावापर्यंत जायचं, स्टँडवर भजी खायची, चहा प्यायचा आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं. आमचे अध्यक्ष चाचा यांचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांनी हौसेनं प्रत्येकाच्या सायकलीच्या सीटवर कापसाची जाडजूड गादी शिवून दिली होती. लांबून बघणाऱ्याला वाटे, माणसं उशांवर बसून हवेत निघाली आहेत. बैठकाही चाचांच्या दुकानातच व्हायच्या, नव्या गाद्यांच्या ढिगावर बसून. तिथं कुणाला राग टिकवताच येत नसे. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवे नाहीत, रिफ्लेक्टर नाहीत, साइडपट्ट्या खचल्यात, वडापच्या प्रवासी जीपा अंगावर येतात, हे सगळं मी तावातावानं मांडायला उभी राहायची आणि दोन वाक्यांत गुडघ्यापर्यंत गादीत रुतायची. ठराव मंजूर व्हायचा, पण निम्मे सभासद आडवे झालेले असायचे.

या ग्रुपचा जीव होते गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आधी ईट गावाला, मग कितीतरी वर्षं तेरच्या बाजूला त्यांनी पोरं शिकवली होती. निवृत्तीनंतर ते घरी बसले आणि कशालाही गुण द्यायला लागले. टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्याला गुण, गवळ्याच्या दुधाला गुण, काकूंच्या चपातीला गुण. साखर वाढली, पाय सुजले, चिडचिड झाली. चाचांनी त्यांना एका रविवारी जबरदस्तीनं सायकलवर बसवलं आणि महिन्याभरात माणूस हसायला लागला. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला म्हणाल्या होत्या, "रविवारी घर कसं शांत शांत वाटतंय बघ. चपातीबी फुगती."

तर अशा गुरुजींचा अपघात झाला, आणि तो मी ज्या ज्या गोष्टींविरुद्ध पत्रकं काढली होती त्यांपैकी एकाही गोष्टीनं झाला नाही. तो आदरानं झाला.

वडापची एक जीप मागून आली, गुरुजींना ओलांडून पुढं गेली आणि कचकन त्यांच्या समोर थांबली. ड्रायव्हर त्यांचा विद्यार्थी. गुरुजी दिसले आणि पाया न पडता पुढं जायचं, हे त्याला पटेना. गुरुजी जीपच्या मागच्या फळीला धडकले आणि तिथून वेड्या बाभळीत गेले. पोरगा धावत आला आणि बाभळीतच पाया पडला. गुरुजींचे पाय तेव्हा वर होते, त्यामुळे त्याला वाकावंही लागलं नाही.

"सुखी राहा," गुरुजी आतून म्हणाले. "आणि मला बाहेर काढ."

मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. गुरुजी काटे काढून घेता घेता म्हणाले, "पोरी, छापू नकोस. चांगला मुलगा आहे. भागाकारात कच्चा होता, एवढंच."

"गुरुजी, त्यानं तुम्हाला मारलं असतं!"

"आदरानं मारलं असतं," गुरुजी म्हणाले. यावर काय पत्रक काढणार?

काकूंना मात्र पत्रकाची गरज नव्हती. त्यांनी सायकल न्हाणीघरात उभी केली आणि म्हशीची जुनी साखळी घालून कुलूप लावलं. चाचा आणि मी रदबदली करायला गेलो, तर त्यांनी चहा दिला आणि चावी कमरेला खोचली.

"भाभी, रस्ता अच्छा है," चाचा म्हणाले. "आमी सगळे हाव ना संगट."

"तवा कुठं होता?"

"मागं होतो. गप्पा चालल्या होत्या."

"मंग! हे बघा, मला चपातीला कमी गुण मिळाले तरी चालतील. माणूस जित्ता पायजे." एवढं बोलून त्यांनी चावी आणखी घट्ट खोचली. गुरुजी कोपऱ्यात बसून शाळेतल्या पोरासारखे जमिनीकडं बघत होते. मला पहिल्यांदाच कळलं की इथं नुसती सायकल अडकलेली नाही. त्या माणसाला पुन्हा त्या खुर्चीत, त्या टीव्हीपुढं बसावं लागणार होतं, आणि त्या बाईला त्याला तिथं बसवायचंही नव्हतं आणि रस्त्यावर सोडायचंही नव्हतं.

शेवटी तडजोड निघाली. एक रविवार. काकू स्वतः चाचांच्या पुतण्याच्या रिक्षात बसून मागं येणार. वाटेत एका जरी विद्यार्थ्यानं गाडी आडवी घातली, तर सायकल रिक्षाच्या टपावर बांधायची आणि थेट भंगारात द्यायची.

चाचांनी उपाय काढला, की गुरुजी ओळखूच येऊ द्यायचे नाहीत. रविवारी सकाळी आम्ही त्यांना हेल्मेट घातलं, काळा गॉगल लावला, तोंडाला उपरणं गुंडाळलं. गुरुजी दरोडेखोरासारखे दिसायला लागले. "चुप बैठनेका गुरुजी," चाचांनी बजावलं. "कुछ बी हो जाव, बोलनेका नक्को." गुरुजींनी मान हलवली. आम्ही त्यांना मध्ये घेतलं आणि निघालो. मागं रिक्षा. रिक्षातून काकूंची मान बाहेर.

शहर सुटलं. दोन्ही बाजूंना ऊस. ओळखीची कितीतरी माणसं शेजारून गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग एका मोटरसायकलवर तिघं आले. हेल्मेट एकालाही नाही, मधला मोबाइलवर बोलत होता. गुरुजींचं उपरणं थरथरलं. त्यांनी स्वतःला आवरलं, अगदी मनापासून आवरलं. मोटरसायकल पुढं गेली आणि मग त्यांचा बांध फुटला.

"ए गाढवांनो! तिघं? अं? आणि ते कानाला काय लावलंय?"

मोटरसायकल डगमगली, थांबली, वळली आणि उलट्या बाजूनं आमच्याकडं आली. तिघांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"आरं, गुरुजी हायेत! आवाज वळखला म्या! गुरुजी, मला कोंबडा केलता तुम्ही, चौथीत!"

"आता रस्त्यात करीन," गुरुजी म्हणाले, पण उपरणं आपोआप खाली आलं होतं आणि ते हसत होते. तिघं गाडी पुन्हा वळवून त्यांच्या शेजारून, गप्पा मारत, रस्ता अडवून जाऊ लागले. मागं एसटीचा हॉर्न. मी ओरडत होते, "एका रांगेत! एका रांगेत!" मधला पोरगा फोनवर सांगत होता, "आई, गुरुजी भेटले. धर, बोल."

आणि नेमका तेव्हाच उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, आणि स्पीकर एवढा मोठा की आधी गाणं आलं आणि नंतर ट्रॅक्टर. तो आम्हाला ओलांडून गेला. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. ते बघणं मी ओळखलं. ब्रेक लागले. ट्रॉल्या हेलकावल्या, उसाची एक मोळी घसरून रस्त्यावर आली, आम्ही सगळे एकमेकांवर आदळलो. चाचांनी लावलेल्या गाद्यांमुळं कुणाला लागलं नाही. एसटी थांबली, रिक्षा थांबली. ड्रायव्हर गाणं तसंच वाजतं ठेवून उडी मारून आला आणि गुरुजींच्या पाया पडला.

रिक्षातून काकू उतरल्या.

"मुडद्या! पाया पडतूस का जीव घेतूस?"

ड्रायव्हर वळला, त्यानं काकूंना बघितलं आणि खाली वाकून त्यांच्याही पाया पडला. "काकू, शाळेत खिचडी कमी पडली की तुम्ही घरनं भाकरी आणायच्या."

"औक्षवंत हो," काकू म्हणाल्या. हात सवयीनं त्याच्या डोक्यावर गेला होता. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या दुप्पट चिडल्या. "तेरला चला. तितं सायकल बांधायची. झालं म्हणजे झालं."

तेरच्या स्टँडवर कुणीच भज्यांना हात लावेना. पुतण्यानं सायकल टपावर चढवली आणि दोरी आवळायला घेतली. गुरुजी बाकावर बसून रस्त्याच्या पलीकडं बघत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मीच गप्प बसलो नाही."

मला फार राग आला. कुणावर काढावा ते कळेना. ठेकेदार नव्हता, अधिकारी नव्हता, कारखाना नव्हता. सगळी चांगली माणसं होती आणि त्या चांगल्या माणसांनी मिळून एका म्हाताऱ्याला घरी बसवलं होतं. अशा वेळी मला एकच गोष्ट येते. मी पिशवीतून माझी जुनी पत्रकं काढली, पाठीमागची कोरी बाजू घेतली, चार कागद जोडले आणि जाड पेनानं लिहिलं:

पुढे गुरुजी आहेत.
ओलांडून पाया पडू नये!

चाचांच्या खिशात दाभण आणि दोरा कायम असतो. त्यांनी गुरुजींना बाकावर पालथं झोपवलं आणि कागद त्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर गादी शिवतात तसा शिवून टाकला. "हलू नका गुरुजी, नायतर कातडी बी शिवली जाईल." गुरुजींनी मान वळवून अक्षर बघायचा प्रयत्न केला.

काकू हे सगळं बघत होत्या. कागद त्यांनी दोनदा वाचला. "ह्यानं काय होणार हाय?"

"काकू, अर्ध्या वाटेपर्यंत बघा," मी म्हणाले. "नाही जमलं तर दोरी मी स्वतः बांधीन."

काकूंनी पुतण्याकडं बघून हनुवटी हलवली. सायकल खाली आली.

परतीच्या वाटेवर आधी एक मोटरसायकल आली. मागं आली, वाचलं, आणि वेग कमी करून मागंच राहिली. मग दुसरी आली. तिनं पहिलीला विचारलं, पहिलीनं कागदाकडं बोट केलं, दुसरी तिच्या मागं लागली. कागदावर ओलांडून पाया पडू नका एवढंच म्हटलं होतं. ओलांडूच नका असं मी कुठंही म्हटलं नव्हतं. पण गुरुजींना ओलांडायचं आणि पायाही पडायचं नाही, एवढा उद्धटपणा त्या रस्त्यावर कुणाला जमेना. कारखान्यावरून रिकामा झालेला ट्रॅक्टर आला, त्यानं गाणं बंद केलं. जीप आली. एसटी आली. एका मोठ्या गाडीनं हॉर्न वाजवून पुढं घुसायचा प्रयत्न केला, तर एसटीचा कंडक्टर दारात लोंबकळून खेकसला, "ओ सायेब, गुरुजी हायेत पुढं! शाळंत गेलता का न्हाय कधी?"

गुरुजींनी एकदा मागं बघितलं. मग ताठ झाले आणि शोभा यावी म्हणून आणखी हळू चालवायला लागले.

आम्ही सगळे त्या वेगात चाललो होतो. एक बाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन, इकडं तिकडं न बघता, निवांत रस्ता ओलांडून गेली. मी इतकी वर्षं मागत होते ते हेच. वाहनांनी हळू जावं, माणसाला जागा द्यावी. ते मला कायद्यानं, समतेनं हवं होतं, एका माणसाच्या आदरापोटी नको होतं, आणि हे मी चाचांना जोरात सांगितलंही. चाचा म्हणाले, "बेटा, पहले घर पोहोचते. फिर भांडते."

तेवढ्यात शेजारून कुणीतरी चालत पुढं गेलं. काकू होत्या. रिक्षा रांगेच्या शेवटी अडकली होती, म्हणून त्या उतरून निघाल्या होत्या आणि पदर खोचून सगळी रांग मागं टाकत आल्या होत्या. त्या गुरुजींच्या शेजारी पोचल्या आणि सायकलीच्या बरोबरीनं चालू लागल्या.

मग काकू वळल्या आणि त्यांनी रांगेला हात केला. "एकेक जावा आता. लांबून, सावकाश. थांबायचं न्हाय, वाकायचं न्हाय. पाया पडायचं आसंल त्यानं घरी यायचं, च्या मिळंल."

आणि ते गेले. एकेक करून, लांबून, सावकाश. एसटी शेवटी गेली, तिच्या खिडक्यांत सगळी तोंडं आमच्या बाजूला होती. रस्ता मोकळा झाला. मागून रिक्षा आली. काकू आत बसल्या, मग मान बाहेर काढून म्हणाल्या, "पुढच्या ऐतवारी जाताना पिशवी न्या. तेरच्या बाजारात वांगी चांगली मिळत्यात."

गुरुजींनी पॅडल मारायचं थांबवलं. "किती आणू?"

"मावतील तेवढी आणा," काकू म्हणाल्या, आणि पुतण्याला रिक्षा पुढं घ्यायला सांगितली.