डावा कौल

नवरा गेल्यावर साळूबाईने भैरोबाचा कौल लावायला घेतला, तेव्हा वाडीतल्या बाप्यांनी नाकं मुरडली होती. आंबवड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात ही वाडी. गुरवाचं घर एकच. मुलगा शिरवळला कंपनीत, तो काही पूजेला यायचा नाही. मग देवाला पाणी कोण घालणार? साळूबाईने पदर खोचला आणि गाभाऱ्यात शिरली. "बाईच्या हातचा कौल देव देतोय व्हय?" असं पारावर कुणी तरी बोललं, तर ती तिथूनच म्हणाली, "देवाला इचारून सांगते. पन इचारनार कोन, तुमी का मी?" त्यावर लोक हसले आणि विषय मिटला.

कौल म्हणजे तगरीच्या दोन पाकळ्या. ओल्या करून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, प्रश्न मोठ्याने सांगायचा आणि समोर बसून राहायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पडेपर्यंत उठायचं नाही. बोअर कुठं मारायची, मुलगी कुठं द्यायची, बैल विकायचा का ठेवायचा, सगळं या पाकळ्यांवर ठरायचं. एकदा उजव्या कौलाच्या जागेवर बोअर मारली आणि नुसता फुफाटा वर आला. मालक तणतणत देवळात आला, तेव्हा साळूबाई म्हणाली, "देव व्हय म्हनला. किती खोल, ते तुमी इचारलंच न्हाई." लोकांना ते पटलं. तिलाही पटलं होतं. पाकळी वाळली की गळते हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण आधी कोणती वाळेल, तेवढ्या फटीतून देव बोलतो, असं नवरा सांगायचा. त्या फटीवर तिचा जीव होता.

रखमाजीची नात शेफाली सात वर्षांची. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरने तिच्या छातीला नळी लावली आणि तो बराच वेळ ऐकतच राहिला. पुण्याला नेल्यावर कळलं, काळजाला छिद्र आहे. धावली की तिचे ओठ जांभळे पडायचे. इतके दिवस घरचे म्हणत, पोरगी जांभळं खाऊन आली. तिची आई मंगल रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरायची, श्वास लागला की पुन्हा आडवी व्हायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उठायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मांडीतून बारीक नळी घालून छिद्र बुजवता येतं, पण उशीर करू नका. तारीखही मिळाली.

अडून बसला तो रखमाजी. त्याचा थोरला भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता. तेव्हा कौल लावला नव्हता, ही सल त्याच्या मनात होती. "देव व्हय म्हनला तर आत्ता नेतो," तो म्हणाला. "न्हाई म्हनला तर गाडी दारातनं हलनार न्हाई." मुलगा सोमनाथ कापूरहोळला पिकअप चालवायचा, कुणाच्या बापाला न भिणारा गडी, पण आपल्या बापापुढे त्याची मान खाली.

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी सगळे देवळात आले. शेफालीने नवीन फ्रॉक घातला होता आणि पिकअपमध्ये पुढे बसायला मिळणार म्हणून ती खुशीत होती. साळूबाईने पाकळ्या लावल्या, रखमाजीने प्रश्न सांगितला, आणि सगळे बसले.

पाकळ्या हलेनात.

ऊन उंबऱ्यावर आलं. सोमनाथ बाहेर जाऊन गाडीचं इंजिन उगाच चालू करून आला. मंगल बघत होती ती देवाकडे नव्हे, साळूबाईच्या तोंडाकडे. ते साळूबाईला सोसेना.

"मावशी," मंगल हळूच म्हणाली, "दुपारच्या आत पोचायचंय. न्हाई तर दुसऱ्या पोराला घेत्यात म्हने."

"कौलावरनं उठायचं नसतं," रखमाजी म्हणाला.

साळूबाई गुडघ्यावर हात देऊन वळली. "भावजी, देवानं अजून नगं म्हनलंय का?"

"व्हय तरी कुठं म्हनलाय?"

"मग तुमी निघा. कौलाला कुनीतरी बसलं म्हंजे झालं. म्या बसते. डावा पडला तर फोन करते, वाटंतनं माघारी फिरा."

रखमाजी उठून उभा राहिला. "खोटं सांगायचं न्हाई, वहिनी."

"आजवर सांगितलंय का?"

गाडी गेली. देवळात साळूबाई आणि देव दोघेच उरले. इतरांच्या कौलाला ती इतकी वर्षं बसली, पण तिचं स्वतःचं काही त्यात कधी नसायचं. आज पहिल्यांदाच तिचं काळीज पाकळीबरोबर लोंबकळत होतं. भोर आलं असेल, कापूरहोळ गेलं असेल, आता गाडी मोठ्या रस्त्याला लागली असेल, असं ती मनात मोजत राहिली. भूक लागली तरी उठली नाही.

दुपार कलंडली आणि एक पाकळी खाली आली. डावी.

साळूबाईने ती उचलली. कुणी बघत नव्हतं. थोडं पाणी लावलं असतं तर ती पुन्हा चिकटली असती. "माज्याशी असं का वागलास?" ती देवाला म्हणाली. "तुला पोर न्हाई, बाळ न्हाई. तिच्या आईनं रातच्याला नाकाशी हात धरायचा, आन तू हितं न्हाई म्हनत बसायचं?" आवाज चढला तसा तिचा तिलाच धाक वाटला. पण थांबावंसं वाटलं नाही. भांडून झाल्यावर तिचं ठरलं. खोटं बोलायचं नाही. पण खरं सांगून गप्पही बसायचं नाही.

रेंज देवळामागच्या चौथऱ्यावर यायची. तिथे चढून तिने फोन लावला.

"भावजी, डावा पडला." श्वास न घेता ती पुढे बोलली, "पन माजं ऐका. म्या गुरवीन असून सांगते, माघारी फिरू नका. देवाचं काय व्हायचं ते म्या बघते."

पलीकडून रखमाजीचा आवाज आला, बसका. "फोन उशिरा लावला, वहिनी. म्या सही करून बसलोय."

"कौलाच्या आदीच?"

"पोरगी खाटंवर बसली होती. माजं बोट धरून म्हनली, आजोबा, तुमी हितंच दारात बसा, म्हंजे मला भ्या वाटनार न्हाई. नर्स म्हनली, कुनीतरी सही करा. सोमनाथ माज्याकडं बघाया लागला. मग म्या कुनाला इचारत बसू? देवाला म्हनलं, तुला यायचं तर हितं ये, दारात, माज्या शेजारी. रागवायचं तर माज्यावर रागव."

साळूबाई चौथऱ्यावरच खाली बसली. ज्याला हलवायला आपण देवाशी भांडलो, तो आधीच हलला होता. कुणी हलवला? सात वर्षांच्या पोरीच्या बोटाने? तिने देवळाच्या शिखराकडे पाहिलं, उत्तर मिळेल म्हणून नव्हे, सवयीने.

दुसऱ्या दिवशी छिद्र बुजवलं. मंगलने फोनवर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "मावशी, व्हट गुलाबी झाल्यात." महिना गेल्यावर शेफाली नारळ घेऊन आली आणि देवळाभोवती पळत सुटली. मंगल "सावकाश, सावकाश" म्हणत तिच्यामागे धावत होती आणि धाप तिलाच लागत होती.

पारावर मात्र चर्चा झालीच. कौल डावा आणि पोरगी बरी, मग देव खोटा का? रखमाजी हे विचारायला आला, तेव्हा साळूबाई देवाची भांडी घासत होती.

"देव खोटा न्हाई, भावजी."

"मग कौल?"

"ते मला ठावं न्हाई." ती राखेचा हात तसाच धरून थांबली. "तवा मात्र तो देवळात नव्हता. तुमच्याकडं आला हुता."

रखमाजीने तांब्या तिच्या हातून घेतला आणि विसळून दिला.

तेव्हापासून साळूबाई बोअरचा कौल लावते, बैलाचा लावते, लग्नाचा लावते. दुखण्याचा लावत नाही. परवा खालच्या वाडीची रतनबाई खोकणाऱ्या नवऱ्याला धरून आली, "दवाखान्यात नेऊ का नको, इचारा की देवाला."

"देवाला काय इचारायचं?" साळूबाई तगरीच्या झाडाला पाणी घालता घालता म्हणाली. "भोरची एसटी आत्ता येईल. त्यास्नी घेऊन खिडकीत बसा. देवाला यायचं आसंल तर तो बसंल तुमच्या शेजारी."

"आन न्हाई आला तर?"

"तुमी हायसा की."