लागले की लावायचे?

इंदूताई मेश्राम यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो औषध विकायला. तेव्हा मी एका कंपनीचा प्रतिनिधी होतो. गळ्यात टाय, हातात जड बॅग, आणि बॅगेत बद्धकोष्ठावरचं एक नवं सरबत. नागपुरात इतवारीच्या भांडे गल्लीत हातगाड्यांमधून वाट काढत, टायला लागलेलं पातेल्यांचं काळं पुसत मी त्यांच्या काउंटरपाशी पोहोचलो आणि पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा वर करून बाटली वाचली आणि विचारलं, "किती दिवसांच्या वर घ्याचं नाही, हे कुठं लिहून आहे?"

मी म्हणालो, रोज घेतलं तरी चालतं.

"चालते ना. पण रोज घ्या लागून राहिलं, तर थे साधं कब्ज नाही राहिलं जी, दुसरंच काही असू शकते. मंग त्या माणसानं डॉक्टरले दाखवाचं, का तुमची दुसरी बाटली न्याची?"

त्यांनी चहा पाजला, ऑर्डर मात्र दिली नाही. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात नमूद करायला हरकत नाही. वर्षभरात मी ती नोकरी सोडली. फार्मसीची पदविका होतीच. सावनेरला घरी बसून वडिलांची बोलणी खाण्यापेक्षा बरं म्हणून ताईंकडेच काम मागायला गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "टाय घरी ठेवून ये."

या ग्रंथात इतर मान्यवर ताईंच्या सामाजिक कार्याबद्दल लिहितीलच. मी त्यांच्या काउंटरबद्दल लिहिणार आहे, आणि त्यातही पोटाबद्दल. विषय जरा संकोचाचा आहे, पण ताईंना त्याचा कधी संकोच वाटला नाही. लोक तापाची गोळी मोठ्या आवाजात मागतात आणि पोट साफ होण्याची कानात. ताई अशा माणसाला काउंटरच्या कडेला असलेल्या बाकावर बसवायच्या आणि स्वतः शेजारी बसायच्या. किती दिवस झाले, दुखते का, उलटी होते का, रक्त पडलं का, वजन उतरलं का, दुसऱ्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत, हे सगळं त्या भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज विचारत. इतवारीतले भले भले सराफ त्या बाकावर मान खाली घालून बसलेले मी पाहिले आहेत.

दोन-तीन दिवसांची साधी तक्रार असेल तर त्या आधी गोळीला हातच लावत नसत. सकाळी तर्री-पोहे, दुपारी समोसा आणि पाणी मोजून दोन ग्लास, अशा दिनक्रमावर त्यांचा विशेष राग होता. संत्र्याचा रस पिऊन चोथा थुंकणाऱ्याला त्या म्हणत, "कामाचं होतं थे तर तू थुंकलं." तरी नाहीच भागलं तर इसबगोल, पण तो पेलाभर पाण्यात, कालवल्याबरोबर प्यायचा, कोरडा तोंडात टाकायचा नाही, आणि दोन-तीन दिवस धीर धरायचा. आतड्याला ढोसणारी गोळी सगळ्यात शेवटी, ती थोड्या दिवसांपुरती. झोपताना पाण्याबरोबर अख्खी गिळायची, दुधाबरोबर नाही. सकाळपर्यंत वाट पाहायची, मधेच घाई होऊन दुसरी घ्यायची नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेला माणूस, लहान मूल, गर्भार बाई, यांना आपल्या मनानं काही द्यायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं.

माझी बायको सुनीता पहिल्या खेपेला गरोदर असताना दुकानात डबा द्यायला आली होती. ती काही बोलली नाही, मला तर काही कळलंही नव्हतं. ताईंनी तिचा चेहरा पाहिला आणि आत नेऊन विचारलं, "लोहाच्या गोळ्या सुरू केल्या का वं? पोट साफ नाही होऊन राहिलं ना?" सुनीता रडायलाच लागली. ती चार दिवस सोसत होती आणि नवरा दिवसभर लोकांना पोटाची औषधं देत होता. ताईंनी तिला एकही गोळी दिली नाही. तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, गोळी बदलून घेतली आणि पुढचे आठ दिवस तिच्यासाठी घरून आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर पाठवली. माझ्याशी मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता त्या शब्दाकडे येतो. आपल्या मराठीत 'जुलाब' हा मोठा दगाबाज शब्द आहे. जुलाब लागतात तेव्हा तो आजार असतो आणि जुलाब घेतात तेव्हा ते औषध असतं. म्हणून 'जुलाबाची गोळी द्या' असं कोणी म्हणालं, तर त्याला थांबवायची गोळी हवी आहे की करवायची, हे देवालाही सांगता येणार नाही. दोन्ही गोळ्या लहानशाच, दोन्ही एकाच फडताळात. ताईंचा नियम होता की हा शब्द ऐकला की हात जागेवर ठेवायचा आणि विचारायचं, "लागले की लावायचे?" मला हे अगदी पोरकट वाटायचं. गिऱ्हाईक हसायचं आणि मी ओशाळायचो. म्हणून ताई नसताना मी तो प्रश्न गाळायचो.

मला दुकानात कामाला लागून तीन महिने झाले होते. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. लग्नसराईचे दिवस होते, दुपारची वेळ होती आणि ताई घरी जेवायला गेल्या होत्या. पारशिवनीकडचे एक गृहस्थ आले. देवराव त्यांचं नाव, ते मला नंतर कळलं. मुलीच्या लग्नाची भांडी घेऊन निघाले होते, खांद्यावर बांधलेलं बोचकं आणि हातात पाण्याचा पितळी गुंड. "जुलाबाची गोळी द्या जी लवकर, पारशिवनीची गाडी सुटून राहिली," असं म्हणाले. मी थांबवायची गोळी दिली, दहा गोळ्यांचा पूर्ण पत्ता. ते गेले.

ताई आल्या. कोण येऊन गेलं हे विचारायची त्यांची सवय होती. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणाले पाहिजे होती? लागले होते का लावाचे होते?" मग मला आठवलं की पैसे देताना ते गृहस्थ म्हणाले होते, चार दिवसांपासून माय परसाकडे गेली नाही. मी ऐकलं होतं. सुटे शोधत होतो, म्हणून कानावरून गेलं.

चार दिवस पोट बंद असलेल्या म्हातारीला मी आतडं आणखी थंड करणारी गोळी पाठवली होती.

ताईंनी दुकानाचं शटर ओढलं. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी बसस्टँडला निघालो. मुठीत मी योग्य गोळीचा पत्ता घेतला होता, जुलाब लावणारी. मनात एकच धावा, गाडी सुटलेली नसू दे, बदलून देतो, हातापाया पडतो. गाडी उभी होती. खिडकीतून पितळी गुंड दिसला. मी चढलो आणि त्यांच्या पुढ्यात पत्ता धरला, "काका, चुकून दुसरी दिली, ही घ्या."

ताई मागून चढल्या होत्या. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि त्या देवरावांच्या शेजारच्या सीटवर बसल्या. दुकानातल्या बाकावर बसत तशाच.

"भाऊ, मायच्या पोटात दुखते का?"

"कालपासून लय दुखून राहिलं जी. पोट फुगलं."

"उलटी?"

"सकाळी झाली. हिरवी हिरवी."

"वारा तरी सरते का?"

"नाई सरत म्हणते."

"आधी कधी पोटाचं ऑपरेशन झालं का तिचं?"

"झालं होतं जी, लय वर्षं झाले."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मुठीतला पत्ता खिशात ठेव, असं नजरेनं सांगितलं. "भाऊ, आता मायले कोणतीच गोळी द्याची नाही. ही बी नाही आन् थे बी नाही. घरी काही दिलं का?"

"बायको एरंडेल देतो म्हणे दुपारी. गरम दुधात."

मग फोनची शोधाशोध. देवरावांकडे फोन नव्हता, शेजाऱ्याचा नंबर त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर होता. ताईंनी स्वतः लावला. पलीकडे देवरावांची बायको आली तेव्हा तिच्या हातात पेला होता, असं तिनंच सांगितलं. ताई म्हणाल्या, "पेला खाली ठेव वं. तोंडानं काहीच देऊ नको, कोणाची जीप असंन तर तिले घेऊन सरळ नागपूरले मोठ्या दवाखान्यात ये. वाट पाहू नको." बाई काहून काहून विचारत होती. ताई एकदाही आवाज न चढवता तेच तेच सांगत राहिल्या, ती हो म्हणेपर्यंत.

जीप संध्याकाळी आली. तोपर्यंत ताई, देवराव आणि मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होतो, मधे भांड्यांचं बोचकं. आजींच्या आतड्याला पीळ पडला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आल्यावर देवरावांना म्हणाले, बरं झालं काही जुलाब दिला नाही, आतडं फुटलं असतं. माझ्या खिशात तो दुसरा पत्ता होता, मी बदलून द्यायला नेलेला, योग्य म्हणून. मी एकटा गेलो असतो तर तो देऊन, माफी मागून, समाधानानं परत आलो असतो.

आजी वाचल्या. नातीच्या लग्नात मांडवात बसल्या. लग्नानंतर देवराव त्यांना घेऊन दुकानात आले. आजींनी बाकावर बसून दुकान निरखलं, आणि मला विचारलं, "तूच का गा थो, गाडीत मांगं मांगं आला?" मी हो म्हणालो. "बरं केलं," म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं. ताई मात्र पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "माय, पहिली गोळी माह्या हातानं चुकली होती. माफी असू दे."

मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला आत पाणी आणायला पाठवलं.

इथे मी आपणा सर्व औषधविक्रेत्या मंडळींना काही सांगणं लागतो. हा किस्सा आपण ताईंच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. नव्या मुलांच्या प्रत्येक शिबिरात त्या तो सांगतात आणि दरवेळी सुरुवात एकाच वाक्यानं करतात, 'माह्या हातून एकदा चूक झाली.' आपल्यातल्या काहींनी तर त्यांच्या मोठेपणाचा दाखला म्हणून तो पुढे सांगितला आहे. मी त्या शिबिरांत तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून ऐकलं आहे आणि टाळ्याही वाजवल्या आहेत. एकदा धीर करून त्यांना म्हणालो, "ताई, चूक तर माझी होती. तुमच्यावर काहून घेता?"

"तू तवा नवा होता गा," त्या म्हणाल्या. "नाव तुह्यावर गेलं असतं तर तू पुन्हा काउंटरले उभा राहिला नसता. आन् दुकान माहं होतं."

खरं आहे. मी उभा राहिलो नसतो. आज सावनेरला माझं स्वतःचं दुकान आहे, तिथेही बाक आहे, आणि माझ्याकडे काम करणारी मुलगी गिऱ्हाइकाला न लाजता विचारते, "लागले की लावायचे?" कोणी हसलं तर ती हसू देते. माझं बरं चाललं आहे. मुलं शिकताहेत, वडील ऐंशीच्या घरात आहेत आणि अजून बोलणी ऐकवतात. मी समाधानी माणूस आहे, पण माझ्या समाधानाखाली ही एक गोष्ट अठरा वर्षं दबून होती. गौरवग्रंथात लेख द्याल का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी पटकन हो म्हणालो ते यासाठीच. छापील अक्षर ताईंना मधेच थांबवून पाणी आणायला पाठवता येत नाही.

तेव्हा मंडळी, नोंद करून ठेवावी. ती गोळी इंदूताईंच्या हातून गेली नव्हती. ती मी दिली, न विचारता दिली, त्यांनी बजावलेलं असताना दिली. इंदूताईंनी त्या दिवशी फक्त शटर ओढलं, स्कूटर काढली आणि एका म्हातारीचा जीव वाचवला.

ताई, हा लेख वाचून आपण रागवाल आणि बहुधा दोन दिवस बोलणार नाही. चालेल. आपले गुडघे नीट राहोत, भूक लागत राहो, झोप लागत राहो आणि रोज सकाळी पोट साफ होवो, कारण यापेक्षा मोठं सुख आपण आम्हाला शिकवलं नाही. शंभरी आपण ओलांडालच, आणि आम्हाला आपण हव्याच आहात. पण पुढच्या शिबिरात ती गोष्ट सांगायला आपण उभ्या राहाल, तेव्हा पहिलं वाक्य मला म्हणू द्या. माझी चूक आपण फार वर्षं सांभाळलीत, ताई. आता ती माझी मला परत द्या.